एका अंकावर दोन किमती

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. दादा जाणार. महिनाअखेरीला तो आणि वहिनी लेकीच्या गावी राहायला जाणार. तिथे त्याने एक छोटा गाळा बघितलाय, जुन्या कॉमिक्सचंच दुकान टाकायचं म्हणतो. इथलं दुकान मला. माल निम्मा-निम्मा.

निम्मा कसा करायचा तेही त्यानेच सांगितलं, चहा पिता पिता, जणू बिस्किटं वाटायची आहेत. "मास्तरीण, तू सगळ्याला नव्याने किंमत लाव. सारख्या किमतीचे दोन वाटे कर. मी एक उचलतो, उरलेला तुझा."

बरोबरच आहे. वाटे करणारी मी, निवडणारा तो. एक वाटा मुद्दाम भारी केला तर तो नेमका तोच उचलेल आणि मी बसेन हात चोळत. खोट काढायला जागाच नाही, आणि त्याचाच राग आला. सव्वीस वर्षं मागच्या खोलीत दिव्याखाली अंक तपासतेय मी, किमती लावतेय मी, आणि गिऱ्हाईक बाहेर म्हणतं काय — दादांच्या दुकानात फसवणूक नाही! दादा काउंटरवर गप्पा मारतो. पाटीवर नावही त्याचंच.

मुदत पंधरा तारीख, रविवार, संध्याकाळी सहा. दोन हजारांवर अंक आहेत.

४ फेब्रुवारी

सुरुवात केली. दर्जे आमचे चारच — कोरा, बरा, वाचलेला, भोगलेला. तोच अंक कोरा असला तर भोगलेल्याच्या वीसपट. मणका, म्हणजे बांधणीची बाजू, मोडलेला, पिनांना गंज, मागचं कूपन कापलेलं, की लगेच किंमत खाली. अंक तिरप्या उजेडात धरायचा, म्हणजे इस्त्री फिरवून घालवलेली घडीसुद्धा दिसते. हे दादाला मी शिकवलं, तेव्हापासून त्याच्या तोंडी मी मास्तरीण. त्याआधी त्याला नुसती चित्रं दिसायची. पहिला अंक महाग हे कोणालाही कळतं. शेवटचाही महाग असतो, कारण तोवर मालिका कोणी घेत नसतं आणि छापतातच कमी. हे सांगितलं की दादा अजून हसतो.

प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीला आधाराचा पुठ्ठा; किंमत त्या पुठ्ठ्याच्या मागे, पेन्सिलने. कोपऱ्यात बारीक तारीख. किंमत बदलली तर पुठ्ठा बदलायचा, खोडायचं नाही. याला कारण दादाचं कार्ड. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला खोडलेली जुनी किंमत दिसली आणि दुकानात तमाशा झाला. दादाने निमूटपणे जुन्या किमतीत अंक दिला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर कार्ड लावलं — 'एका अंकावर दोन किमती दिसल्या, तर कमी ती खरी.' माझा हात जड, लिहिलेलं पुठ्ठ्यात रुततं. तेव्हापासून माझ्या टेबलावर खोडरबर नाही.

आज एकशे नव्वद झाले. मान गेली कामातून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दार लावून घेऊन लिहितेय.

दुपारी गुप्तहेराच्या मालिकेचं खोकं घेतलं. सत्तेचाळिसावा अंक. मधला, कोणी न विचारणारा. साठ रुपये. पेन्सिल पुठ्ठ्याला टेकवली आणि कव्हरच्या कोपऱ्याकडे नजर गेली. छापील किंमत तीन असते. याच्यावर साडेतीन!

पुन्हा पाहिलं. भिंग लावून पाहिलं. छापीलच आहे.

त्या काळी कंपनीने किंमत वाढवायच्या आधी अंदाज घ्यायला महिनाभर दोनच गावांत साडेतीनचा अंक विकून पाहिला होता. आत सगळं तेच, पानं तीच. फरक फक्त त्या आकड्याचा. लोक तेव्हा घेईनात म्हणून परत पाठवले, रद्दीत गेले. आजवर चार सापडल्याचं ऐकून आहे. गेल्या वर्षी एक भोगलेला पंचवीस हजाराला गेला. हा बरा आहे. पिना स्वच्छ, मणका ताठ. चाळीस हजार, डोळे मिटून. दुकानाचं दीड वर्षाचं भाडं!

दादाला ही सगळी अफवा वाटते. तो कोपरा बघणारच नाही.

मी साठ लिहिले. खाली तारीख घातली. अंक परत खोक्यात, मागून तिसरा.

हात जराही थरथरला नाही, हेच आता सारखं आठवतंय.

६ फेब्रुवारी

दोनशे दहा अंक. एकदाच उघडून पाहिलं. आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

घड्याळवाले आले होते. चौकापलीकडे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. गुप्तहेराची आख्खी मालिका जमवलीय, राहिला फक्त साडेतीनवाला. वर्षातून दोन-तीनदा येऊन विचारतात. दादा निघाल्याचं ऐकून आले असणार. मी आत, पडद्याआड. दादाने काउंटरवरूनच हाक मारली.

"मास्तरीण, घड्याळवाल्यांचा साडेतीनवाला आलाय का गं?"

"नाही आला," मी म्हटलं.

खोकं माझ्या पायाशी होतं. बाहेर ते म्हणत होते, असू दे, बाई डोळ्यात तेल घालून बघतात, आला तर त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. जीभ हासडावीशी वाटली. त्यांची की माझी, कोण जाणे.

१० फेब्रुवारी

वाटे आकार घेतायत. दाराकडच्या बाजूला दादाचा जीव की प्राण सगळं — भुताखेतांच्या मालिका, भडक कव्हरं, तीन पहिले अंक. खिडकीकडच्या बाजूला मधले अंक, युद्धकथा, गुप्तहेर. बेरीज दोन्हीकडे सारखी. दादा दाराकडचाच उचलणार, शंभर टक्के. लहानपणी पेरूसुद्धा रंग बघून उचलायचा.

मी चोर नाही. सव्वीस वर्षांची मजुरी वसूल करतेय. (हे वाक्य दिवसभरात किती वेळा म्हटलं देव जाणे. सारखं म्हणावं लागतंय, तिथेच काय ते आलं.)

१२ फेब्रुवारी

जेवण जात नाही. वहिनीने विचारलं, वन्सं, एवढ्या का उतरलात? दादा जाणार म्हणून, असं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवे पुठ्ठे संपत आलेत. पाकीट मागवलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा सकाळी एक पिशवी घेऊन आला. घर आवरताना माळ्यावर नऊ अंक सापडले. लेक लहान असताना तिला वाचून दाखवायला इथून नेले होते, परत आणायचे राहिले. "हेही दुकानाचेच. किंमत लाव आणि वाट्यात धर."

उघडून पाहिले. पानोपानी रंगीत खडूने रेघोट्या. एका राक्षसाला मिश्या. सगळेच भोगलेले, नवांचे मिळून शंभरही येणार नाहीत. मी म्हटलं, राहू दे ना तुझ्याकडे, आठवण आहे. तर म्हणे, तुला न विचारता कसे ठेवू?

न विचारता कसे ठेवू! आणि शीळ घालत बाहेर गेला.

याला मी फसवतेय. बाकी सगळं बाजूला ठेवलं तर उरतं ते एवढंच.

१४ फेब्रुवारी

उद्या सकाळी सगळं सरळ करायचं. चाळीस हजार लिहायचे, वाटे नव्याने लावायचे. संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

हात अजून गार आहेत. नीट लिहून काढते.

सकाळी सातला दुकान उघडलं. खिडकीकडच्या वाट्यात चाळीस हजार वाढले, म्हणून त्यातली खोकी दाराकडे ओढायला लागले. मधल्या अंकांची खोकी ती, किंमत ती कितीशी! एका अंकापायी बारा खोकी हलली. कंबर धरली. साडेअकराला पुठ्ठा बदलायला गेले तर पाकीट रिकामं. नवं आलेलंच नाही. जुन्या पुठ्ठ्यांवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून दादाचा आवाज! सहाला यायचा माणूस बाराच्या आत हजर. वहिनीचं संध्याकाळी काहीतरी निघालं म्हणे.

पळत जाऊन काउंटरच्या खणातून रबर आणलं. साठ खोडले. वर चाळीस हजार लिहिले. पिशवीत घालतेय तोवर तो पडद्याशी उभा.

आधी त्याने दोन्ही बाजू पाहिल्या. मग म्हणाला, इकडे एवढी खोकी आणि तिकडे एवढीशी, असं का?

"साडेतीनवाला सापडला," मी म्हटलं.

दादा लहान पोरासारखा पुढे आला. अंक हातात घेतला, कोपरा पाहिला, हसला. "म्हणजे घड्याळवाले खरं बोलत होते! केव्हा सापडला गं?"

"काल."

का म्हटलं मी काल? खरं सांगायलाच तर उठले होते सकाळी! तोंडातून निघून गेलं ते.

त्याने अंक उलटा केला. किंमत वाचली. मग दिव्याखाली तिरपा धरला. किती वेळ धरला सांगता येत नाही. मणका बघत असेल. मीच शिकवलंय ना तसं बघायला.

मग खाली ठेवला आणि खिडकीकडे बोट केलं. "हा वाटा माझा."

मी म्हटलं, बाकीचं बघ तरी, भुतांच्या मालिका तिकडे आहेत.

"तू लावलेली किंमत. त्यात बघायचं काय?"

अंक गेला, आणि मला हलकं वाटतंय! खरंच. त्याने काही पाहिलं नाही. सुटले.

१८ फेब्रुवारी

तारीख!

साठ खोडले, खालची तारीख तशीच राहिली. ५/२. माझ्याच अक्षरात.

२० फेब्रुवारी

दादा नेहमीसारखाच बोलतो. पाहिलं असतं तर बोलला नसता का? तो पोटात ठेवणारा माणूसच नाही. वहिनीने साडी घेतली तरी चौकात सांगतो. नसेलच पाहिलं.

त्याची खोकी अजून आतच आहेत, बांधून, वर सुतळीच्या गाठी. सोडून बघायचा धीर होत नाही. आता हात लावायचा हक्कही नाही.

२४ फेब्रुवारी

काउंटरवरचं कार्ड दिसत नाही. विचारलं तर दादा म्हणाला, मी घेतलं. आठवण म्हणून नेत असेल. काउंटरच्या लाकडावर त्याच्या मापाचा फिकट चौकोन राहिलाय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेम्पो गेला. सांगून टाकावं असं दहा वेळा ओठांवर आलं. आधी हमाल होते, मग वहिनी होती, मग कोणीच नव्हतं, तरी बोलले नाही.

दादाने चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि ओंजळ तशीच धरून राहिला. "काही सांगायचं राहिलंय का?"

"शटरचं डावं कुलूप अडकतं," मी म्हटलं. "तेल घालून जा जरा."

त्याला काय ठाऊक नव्हतं ते! सव्वीस वर्षं तोच उघडतोय. तरी खाली बसला, तेल घातलं, किल्ली चारदा फिरवून पाहिली. मग हात पुसले आणि गेला. मागे वळून पाहिलं नाही.

४ मार्च

वहिनीचा फोन आला. दादा आंघोळीला गेलाय म्हणाली. पोचल्याचा फोन तिने केला तेव्हाही आंघोळीलाच होता.

९ मार्च, सोमवार

घड्याळवाले आले. पिशवीतून साडेतीनवाला काढून काउंटरवर ठेवला, जपून, दोन्ही हातांनी. निघायच्या दिवशी दादा त्यांच्या दुकानात जाऊन देऊन गेला. किती घेतले, मी विचारलं. साठ, म्हणाले. त्यांनाही थट्टाच वाटली होती. दादाने अंक उलटा करून दाखवला, शेजारी ते कार्ड ठेवलं आणि म्हणाला, दुकानाचा नियम आहे.

मी पुठ्ठा पाहिला. माझे खोडलेले साठ दादाने शाईने गिरवलेत. चाळीस हजारावर एक रेघ.

घड्याळवाल्यांनी खिशातलं भिंग काढून पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर धरलं. "बाई, ही तारीख पाच आहे. मी विचारायला आलो ती आठ. तेव्हा हा आत होता का?"

मी हो म्हटलं.