बैठकीचा पेला

सेलू, मंगळवार, ऑगस्ट १९७८

विद्यापीठाच्या नामांतरावरून जवळच्या एका गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली, त्यानंतर आज त्या गावात आमच्या युवक मंडळाची पहिली बैठक. पोरं येतात की नाही, याचीच धास्ती होती. आली सगळी.

बोलणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एकाच पितळी पेल्याला तोंड लावून पाणी प्यायचं, ही रीत मीच घालून दिलेली. ही पोरं ग्रामसभेत उभं राहून बोलायला लागली ती या पेल्यामुळं, असं मिरवायचो मी.

पेला फिरत काशिनाथपाशी आला. त्याचं घर जळालंय. त्यानं पेला घेतलाच नाही, ओंजळ पुढं केली.

"वरून ओता, भाऊ."

"आपल्यात हे कधीपासून रे?"

"आजपासून. ह्या पोरांना घरी जायचं हाय. माझ्यापायी कुणाला बोलणी नकोत."

घर ह्याचं जळालं, आणि काळजी त्यांची! कुणीतरी 'पी की लेका' म्हणेल म्हणून थांबलो. सगळे जाजमाकडं बघत बसले. ओंजळ काही खाली येईना.

शेवटी ओतलं. त्याच्या बोटांना लागू नये इतका वर धरला होता पेला मी. किती वर धरायचा, ते माझ्या हाताला कुणी सांगायची गरज पडली नाही.