सत्तावीस ग्रेनेडियर्सचं फ्रेंच पदक

१ जानेवारी १९४६, मंगळवार

लढाई संपली. आता स्वतःकडे लक्ष द्यायचं. रिझोल्यूशन : यंदापासून जुनी फ्रेंच नाणी जमवायची. व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज ही मंडळी कोणीही जमवतो, आणि त्यांना साऱ्या जबलपूरच्या बोटांचा तेलकट वास मारतो. पाँडिचेरीकडची, सायगावकडची फ्रेंच नाणी इथे कोणाला ओळखता येत नाहीत. म्हणजे ओळखणारा मी एकटा. पंधरा वर्षं फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये माल ओळखून राहिलो. नाणं म्हणजे शेवटी मालच.

अनसूयेला सांगितलं. म्हणाली, आधी रेशनच्या गव्हातले खडे ओळखा.

रिझोल्यूशन दुसरं : बायकोशी या विषयावर बोलायचं नाही.

१३ जानेवारी, रविवार

कमानिया गेटजवळ एक मोडीची भांडी घेणारा बसतो. त्याच्याकडे गेलो. नाणी ठेवली होती तोंड पुसायच्या फडक्यात! प्रत्येक नाणं दाखवण्याआधी थुंकी लावून धोतराला घासायचा. तरी उभा राहिलो. शास्त्रासाठी माणसाला काय काय बघावं लागतं.

मधे भोक असलेलं एक मिळालं. फ्रेंच लोक त्यांच्या इंडोचायनात भोकाची नाणी पाडतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. अक्षरं साफ झिजलीत. पण झिजणं हाच तर जुनेपणाचा पुरावा.

घरी येऊन आधी नाणं साबणाने धुतलं, मग हात, मग साबण.

१४ जानेवारी, सोमवार

वॉशर निघाला. ड्यूटीवर एक पेटी उघडली तर त्याचे भाऊबंद खचाखच भरलेले. अनसूया हसली नाही. बादलीच्या कडीला बसवून पाहिला, बसला, म्हणाली बरं झालं.

भांडीवाला चोर. त्याची थुंकी अजून बोटांना लागल्यासारखी वाटते.

१० फेब्रुवारी, रविवार

शेजारचा मोहन फौजेतून परत आला. सायगावला होता. तिकडच्या चिखलाने त्याच्या तळपायांची कातडी सोलून निघाली आहे. बाजेवर बसून सालपटं काढत होता आणि त्याच हातांनी त्याने मला चहा दिला. तो बघत नसताना खिडकीतून ओतला.

मग त्याने एक रुमाल सोडला. आत चांदीचं हे एवढं गोल! आपल्या रुपयाच्या दुपटीहून जड. एक बाई बसलेली, डोक्याभोवती किरणं. इंग्रजीसारख्या अक्षरांत चक्क 'फ्रान्स'चं नाव.

मोहन म्हणाला, माझं नाही, काका, तुळशीरामचं आहे. मझौलीचा तुळशीराम त्याच्याच कंपनीत ट्रक चालवायचा. नोव्हेंबरमध्ये तिकडच्या इस्पितळात वारला. जाण्याआधी बापाला द्यायला सांगितलं. मी म्हटलं, आज माझ्याकडे राहू दे, ओळख पटवून देतो. तो सांगू लागला, काका, हे तिकडचं... मी तिथेच थांबवलं. शिपाईगड्याच्या मतावर शास्त्र चालत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

रजा टाकली. भिंग घेऊन बसलो. ओळख पटली!!

नाणं नव्हेच. पदक आहे. शौर्यपदक.

मागल्या बाजूला स्वच्छ लिहिलंय TITRE. म्हणजे टायटल, किताब. पुढे ०,९००. म्हणजे नऊशेवा किताब. मग POIDS. पोस्टेड असावं, फ्रेंच स्पेलिंग गचाळच असतं. आणि मग 27 GR. सत्तावीस ग्रेनेडियर्स. वर COMM एवढंच राहिलंय, बाकी झिजलं. कमांडरच, दुसरं काय? बाईच्या खांद्याशी एक खोल खड्डा आहे. गोळी चाटून गेल्याची खूण. पदक छातीवर होतं!

मोहनला सांगितलं. म्हणाला, पण आम्ही तर ट्रकवाले, काका, ग्रेनेडियर कुठले? मी म्हटलं, म्हणूनच तर पदक दिलं. तो पुन्हा तळपायाची सालपटं काढू लागला. पटलं त्याला.

प्लॅन : मी स्वतः मझौलीला जाणार. बापाला समजावून सांगणार की असली वस्तू खेड्यात माशांच्या संगतीत राहू नये, जाणकाराच्या हाती सुरक्षित. आपण होऊन देईल.

१७ फेब्रुवारी, रविवार

मोहन बरोबर, पदक त्याच्या रुमालात. सिहोऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. बसमध्ये मांडीवर कोणाची तरी कोंबडी. तिने जे केलं ते लिहीत नाही.

तुळशीरामचा बाप बाजारात मिठाई विकतो. जिलबीवर माशा की माशांवर जिलबी, कळेना. तीच मला आग्रह करकरून वाढली. हळूच माझ्या रुमालात गुंडाळली.

अंगणात लोक जमले. मोहनने रुमाल काढायच्या आत मी उभा राहिलो आणि हिंदीतून बोललो. असं बोललो की मला स्वतःला भरून आलं. फ्रान्सचा सेनापती, सत्तावीस ग्रेनेडियर्स, छातीवरचं पदक, त्याला चाटून गेलेली पहिली गोळी. म्हातारा हात जोडून ऐकत होता. आई दाराआड होती. तिने एकच विचारलं : कष्ट तो नहीं हुआ, बाबूजी? मी म्हटलं, ना माताराम, दुसरी गोळी सीधी कलेजे में, मुस्कुराता हुआ गया.

मोहन रुमाल म्हाताऱ्यापुढे ठेवून उठला आणि बाहेर निघून गेला. याला सभेचे मॅनर्स नाहीत.

मग घोटाळा झाला. मी जाणकाराच्या हाती ठेवण्याचा विषय काढणार, तोच आईने पदक उचललं, देवापाशी नेलं, दुधाने धुतलं आणि त्यावर शेंदूर थापला. जुन्या चांदीवर! शेंदूर! देवापुढची वस्तू मागायची कशी? रिकाम्या हाताने परत. रुमाल मात्र पाकाने चिकट.

१८ फेब्रुवारी, सोमवार

काल परतीच्या गाडीत मोहन बोलला. म्हणे, ते तिकडचं रुपयासारखं नाणं आहे, प्यास्तर म्हणतात. त्यावर चांदीचा कस अन् वजन लिहिलेलं असतं. सत्तावीस ग्राम. खड्डा चिनी सराफ मारतात, चांदी खरी की खोटी बघायला. आईला तिकडचं रेशीम न्यायचं म्हणून तुळशीरामने पगारातून बदलून घेतलं होतं. म्हटलं, हे आधी काहून नाही सांगितलं? म्हणाला, सांगत होतो, काका.

मग म्हणाला, हगवणीने गेला तो. शेवटी शेवटी त्याचे कपडे मीच बदलत होतो. दिवसभर आई आई करून राहिला होता.

मी खिडकीकडे तोंड केलं. असल्या गोष्टी गाडीत काढू नयेत. शिसारी येते.

मोहन मत्सरी आहे. तुळशीरामला मिळालं, याला नाही.

३ मार्च, रविवार

भिंगाची काच पुसली. नाणीशास्त्रात मतभेद चालायचेच. मोहनकडे जाणं बंद केलंय, त्याच्या पायांमुळे.

२३ मार्च, शनिवार

सर्दी म्हणून रजेवर. सकाळी खिडकीतून पाहतो तर तुळशीरामचा बाप येतोय. अनसूयेला म्हटलं, मी घरी नाही. न्हाणीत शिरून कडी लावली.

न्हाणीत उभं राहायलासुद्धा जागा नाही. मोरीत कालच्या भाताची शितं अडकून आंबलेली. नाक दाबून उभा. दाराला फट आहे, सगळं ऐकू येत होतं.

म्हातारा भरतीच्या ऑफिसात गेला होता. बेटे का तमगा कागज पर चढ़वाने. तिथल्या बाबूने ड्रॉवर उघडून तसलीच चार-दोन नाणी टेबलावर टाकली आणि हसला. सगळं ऑफिस हसलं.

अनसूया म्हणाली, माफ करना भैया, हमारे इनको... पुढे तिला शब्द सापडेना. बाहेर येऊन सांगावंसं वाटलं की, नमुने तपासल्याशिवाय... पण कडीला हात लागेना.

म्हातारा म्हणाला, नहीं दीदी, बाबूजी को कुछ मत कहना. तो गेल्याची बातमी आली तेव्हापासून त्याच्या आईने धड खाल्लं नव्हतं. बाबूजी बोलून गेले त्या दिवशी दोन रोट्या खाल्ल्या. आता रोज दिवा लावते, शेजारणींना बोलावून दाखवते. तिला हे कळता कामा नये. मोहन भैयालाही सांगून आलोय.

 मग म्हणाला, एक काम आहे. मुलगी सासरहून येणार आहे. भावाचं काय झालं, तिला ऐकायचंय. माझ्याने सांगवत नाही. तिच्या आईचं म्हणणं, बाबूजींनाच बोलवा, ते जसं सांगतात तसं कोणी सांगत नाही.

अनसूयेने मला न विचारता हो म्हणून टाकलं.

तो गेल्यावर बाहेर आलो. वाटलं, ही आता तोंड सोडेल. तिने गरम पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, पाय धुऊन घ्या.

६ एप्रिल, शनिवार

उद्या मझौली. तब्येत बरी नसल्याचा निरोप पाठवतो म्हटलं. अनसूया म्हणाली, मीही येणार आहे तुमच्याबरोबर. मोहनसुद्धा.

विचारलं, तिथे बोलू काय? म्हणाली, तेच. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, त्या माउलीला पाठ असेल.

सकाळपासून आठवून राहिलो. सेनापतीपर्यंत येतं. पहिल्या गोळीपर्यंतही येतं. पुढे ती दाराआडून विचारते, कष्ट तो नहीं हुआ, आणि तिथे अडतं. मोहन समोरच बसलेला असणार.

संध्याकाळ. अजून अडतंच आहे.