गोदामृग

शनिवार, ६ जून १९९८

नाव ठरलं! गोदामृग.

सबंध सकाळ त्यात गेली, आणि जयसिंग म्हणतो, "अगं, हरीण नव्हतं ते!" संस्थेत जीवाश्मांचा मोठा शास्त्रज्ञ झाला, पण कॉलेजात संस्कृतचा पेपर माझ्या वह्यांवर तरला, हे सोयीने विसरतो. म्हटलं, मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. शाखामृग म्हणजे माकड. आरशात बघ.

जनावर कुत्र्याएवढं, खुरांचं. गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीतली माती पोत्यांनी इथे येते, तीत त्याचा जबडा निघाला. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्तापाशी एकटीच समुद्रात होती — उष्ण, दमट, जंगलांनी भरलेली. घोड्या-गेंड्यांचं मूळ कूळ तिथेच घडलं आणि आशियाला धडकल्यावर उत्तरेत पांगलं, कदाचित. हा "कदाचित" जयसिंग फार हळू उच्चारतो.

जबडा सापडला गोदाबाईंना. त्या आणि त्यांच्या दोघी सोबतिणी ती माती भिजवतात, चाळणीत धुतात, वाळवतात, मग भिंगाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दात उचलतात. वीस वर्षं, रोजंदारीवर. कागदावर मात्र शोध "संस्थेचा". म्हणून नाव गोदाबाईंचं — हट्ट माझा. जयसिंगने शब्द दिला.

निघताना म्हणाला, "पेपरात छापू नकोस हं, वार्ताहरबाई! नाव आणि वर्णन जिथे आधी छापून येईल तिथलंच नाव खरं, असा नियम आहे. मग ते रविवारच्या पुरवणीत का असेना. नाव रोमन अक्षरांत असलं की झालं."

शास्त्र मोठं गमतीचं आहे!

मंगळवार, ९ जून

गोदाबाईंना सांगितलं. हातातला कुंचला थांबला नाही. "माजं नाव? त्या मेलेल्या जनावराला?" मग माझ्याकडे बघून हसल्या. "बाई, तुमाला लई आनंद झालाय."

लाजल्या बिचाऱ्या.

२१ जुलै

जयसिंगचा लेख परदेशी गेला. मला प्रत दाखवायची राहिली म्हणे. घाईत असेल.

गुरुवार, ३ सप्टेंबर

कचेरीत एका सॉफ्टवेअर कंपनीचं निमंत्रण. कागद इतका गुळगुळीत की हातातून निसटतो. "आमचे संस्थापक श्री. दिग्विजय यांच्या सन्मानार्थ प्राचीन सस्तन प्राण्याचे नामकरण." सोबत संस्थेला देणगी. आणि खाली जाड अक्षरांत — दिग्विजयमृग.

मृग ठेवला. गोदा तेवढी काढली.

तीनदा वाचलं. ही कंपनी अमेरिकेतल्या संगणकांना दोन हजार साल लिहायला शिकवते. कुणीतरी वर्षाचे पहिले दोन आकडे गाळले म्हणून ज्यांची चूल पेटली, त्यांचं नाव साडेपाच कोटी वर्षांच्या जनावराला! हसू यायला हवं होतं. आलं नाही.

माझाच शब्द, अर्धा कापून, विकला. नवं नाव घडवायची तसदीसुद्धा घेतली नाही.

४ सप्टेंबर

फोन केला.

"शर्मिला, ऐक तरी."

"शब्द दिला होतास."

"तुला सगळं माहीत नाही."

"गोदा माहीत आहे, मृग माहीत आहे. मधला व्यवहार तुझ्याकडेच राहू दे."

"अगं, मला सांगता येत नाही, मी तशी—"

आपटला फोन.

याच्या वडिलांच्या दहाव्याला भटजी आले नाहीत तेव्हा घाटावर पदर खोचून मी मंत्र सांगितले होते. लोक बघत राहिले. हा म्हणाला होता, "जन्मभर विसरणार नाही." जन्म फारच लवकर संपला याचा.

५ सप्टेंबर

विसर्जन. ढोलांमुळे फोन ऐकू आला नाही, असं म्हणायची सोय झाली. सात वेळा वाजला.

मंगळवार, ८ सप्टेंबर

त्याचाच नियम त्याला दाखवायचा, ठरलं. जूनमधली टिपणं माझ्याकडे आहेतच — दाढांवरच्या दोन आडव्या कडा, मागचा उंचवटा, मापं, इतर जातींपासूनचं वेगळेपण, संग्रहातला क्रमांक. सगळं लिहून काढलं. नाव रोमन अक्षरांत.

पुरवणीचं काम बघणारा अभय डोकं धरून बसला. "शर्मिलाताई, रविवारी सकाळी पोहे खाताना लोक दाढेची मापं वाचणार?"

"एक माणूस वाचेल."

"आणि ही इंग्रजी अक्षरं कशाला मध्येच?"

"त्यांना हात लावशील तर बघ!"

विश्वासघाताला विश्वासघात. यावर एखादं सुभाषित असणारच. शोधलं नाही. उलट बाजूचंही सापडलं असतं.

रविवार, १३ सप्टेंबर

छापून आलं!! गोदामृग — दाढ नऊ मिलिमीटर, नामकर्ती मी.

१७ सप्टेंबर

संस्थेतून बातमी. जयसिंगला लेख परत मागवावा लागला. दुसऱ्याच नावाचं जनावर कंपनी कशाला घेईल? समारंभ रद्द, देणगीही रद्द.

जयसिंगचा फोन नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले. दुपारी दोनदा जेवले.

रविवार, २० सप्टेंबर

पुरवणीचं पान फ्रेम करून हडपसरला गोदाबाईंच्या घरी नेलं. त्यांनी चहा दिला, काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "बाई, नाव म्याच सोडलं हुतं. दिवाळीच्या आत आमाला बंद करणार हुते. जयसिंगसायबांनी इचारलं, तुमचं नाव ठिवू, का त्या कंपनीच्या देणगीतनं तुमा तिघींला कायम करून घिऊ? म्या म्हनलं, कायम करा. आन बाईंना सांगू नगा, शपथ हाय. त्यांनी लई हौसेनं ठिवलंय, वाईट वाटंल."

एक तारखेपासून तिघींनाही येऊ नका म्हणून सांगितलंय.

मी उठले, तेव्हा त्या फ्रेमसाठी खिळा शोधत होत्या.