बेमालूम सांधा

तीर्थरूप बाबा,

खरखरीत झालेल्या हातांनी तुम्हाला आणि आईला नमस्कार.

पत्र आईच वाचून दाखवत असणार, तेव्हा आधी तिच्यासाठी सांगते. माझ्या अंगठ्याची जखम भरून आलीय आणि मी पोटभर जेवते.

काम खेळाच्या एका जुन्या हॉलचं आहे. वर लाकडी कमानी, खाली खेळाडूंच्या बुटांनी गुळगुळीत झालेली लाकडी जमीन. वास्तू संरक्षित, त्यामुळे खिळासुद्धा विचारून काढायचा.

पहिल्याच आठवड्यात मी बोलणी खाल्ली. कुजलेल्या फळीत तुमच्या पद्धतीने तुकडा बसवला, रेषेला रेष जुळवून. कामावर देखरेख करणाऱ्या बाईंना मीच सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नवं लाकूड नवं दिसायला हवं. नाहीतर जुनं कोणतं, हे पुढच्यांना कसं कळणार?" म्हणणं बरोबर आहे. पण सांधा दिसला की तुम्ही टपली मारायचात, ती सवय हातातून जाते थोडीच?

तो तुकडा काढून फिकट लाकडाचा बसवायचं ठरलं. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. बोटं फिरवली, बॅटरी मारली. मलाही सापडेना. शेवटी बाईच हसल्या. "राहू दे. पण पुन्हा असं करू नकोस."

आता माझी ठिगळं दारातूनही दिसतात. तुम्ही बघितलीत तर तुम्हाला जेवण जाणार नाही.

तुम्ही रंधा अंदाजाने चालवता, असं आई फोनवर म्हणाली. बाबा, डोळ्यांचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. ते करा आणि इथे या. तो सांधा शोधेल असं दुसरं कोणी मला माहीत नाही.

तुमची,
धाकटी