सिलिकॉनची लाली

मॉस्को, १९ नोव्हेंबर २००४

रोदिओन,

तुझं म्युनिकहून पाठवलेलं पत्र सोमवारी मिळालं. तू, अन्या आणि छोटी खुशाल आहात हे वाचलं. पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. आज हात वळला नाही.

इकडे बर्फ पडायला लागलाय. मंगळवारी यांना, तुझ्या सरांना, जाऊन चाळीस दिवस झाले. रीतीप्रमाणे मध घालून गव्हाची खीर केली. त्यांच्या फोटोपुढे व्होडकाचा पेला भरला, वर काळ्या पावाचा तुकडा ठेवला. प्रयोगशाळेतले सहाजण आले होते. दुसऱ्या पेल्यानंतर विभागप्रमुख येफिम बोरिसोविच म्हणाले, "आपला केशा गुणी होता हो, पण कुठल्या त्या गळक्या नळीच्या नादाला लागला!" दोघंजण हसले. हातातली बशी मी टेबलावर ठेवली. आपटायला हवी होती.

आणि तुझं पत्र. सरांच्या स्मरणार्थ लेख लिहायचाय म्हणे, म्हणून सत्त्याण्णवची नोंदवही पाठवा. "काकू, सरांना ते सर्वांत आधी अंधुकसं जाणवलं होतं, असं मी आवर्जून लिहीन."

अंधुकसं काय होतं रे त्यात? आम्लाने पोखरून स्पंजासारखी केलेली सिलिकॉनची चकती, निर्वात नळीत गारठवलेली, वर निळा लेझर. निखाऱ्यासारखी लाल चमकायची. किंचित ऑक्सिजन आत सोडला की लाली विझायची. थोडी ऊब देऊन तो उपसून काढला की पुन्हा उजळायची. तू म्हणालास, कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय, चकतीवर घाण बसतेय. सर म्हणाले, "बसलेली घाण आपण होऊन उठून जाते का, गाढवा? सिलिकॉन प्रकाश गिळतं, पण ती ऊर्जा स्वतः न उधळता ऑक्सिजनच्या हातात देतं. मग तो तापट होतो, समोर येईल त्याला चावतो." त्यांनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं होतं. लाली सगळीकडे सारखी विझत नव्हती. एके ठिकाणी खोल खड्डा होता, ऑक्सिजनला जेवढी ऊर्जा लागते नेमका तिथे.

"सर, तुमचा ऑक्सिजन भलताच चोखंदळ दिसतो," असं तू माझ्याच कपातून चहा पीत म्हणाला होतास. आम्ही तिघंही हसलो होतो.

दोन आठवड्यांनी विभागाच्या बैठकीत उभा राहून तू 'गळती' म्हणालास. काम थांबलं, लेझर दुसऱ्या गटाकडे गेला. चार वर्षांनी म्युनिकहून तुझा लेख आला. तोच खड्डा, तिथेच. लेखकांत सरांचं नाव नाही, आभारातसुद्धा नाही. सरांनी तो दोनदा वाचला. "आलेख छान काढलाय पोराने," एवढं म्हणाले आणि बुटांना पॉलिश करत बसले. घरातले सगळे जोड.

तुला एवढं सुनावते आहे आणि एक गोष्ट टाळते आहे. कोणती, ते तुला माहीत आहे.

बैठकीच्या आदल्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात आला होतास. "काकू, लाली घाणीने विझते असं मी प्रबंधात लिहून बसलोय. सरांचं खरं ठरलं तर तो बुडाला. तोंडी परीक्षा आठवड्यावर आलीय. एक वर्ष थांबा, मग मीच सरांच्या बाजूने बोलेन." तुला मी पाच वर्षं जेवू घातलं होतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत येफिम बोरिसोविचनी मला विचारलं, कारण प्रयोगशाळेतले पंप आणि नळ्या माझ्या ताब्यात. "झिनाइदा अर्काद्येव्ना, गळती असू शकते का?"

मी म्हणाले, "असू शकते."

प्रयोगाच्या सकाळी मी प्रत्येक सांध्यावर ॲसिटोनचा बोळा फिरवला होता. कुठे फट असती तर त्याची वाफ आत शिरून मापकाचा काटा हलला असता. तो जागचा हलला नव्हता. नोंद माझ्या अक्षरात, सही माझी, पान सत्तेचाळीस. सरांना ते माहीत होतं. सात वर्षं ती वही त्यांच्या खणात होती, एकदाही त्यांनी ती माझ्यापुढे धरली नाही. त्यांचाही मला राग येतो. ओरडले असते तर मी सुटले असते.

वही तुला मिळणार नाही. त्या पानाची आणि आलेखाची प्रत सोबत आहे. बैठकीत मी खोटं बोलले, असा माझा जबाब जोडून याच प्रती तुझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला आणि येफिम बोरिसोविचना काल रजिस्टरने पाठवल्या. एकतीस वर्षांतल्या माझ्या प्रत्येक सहीवर आता लोक शंका घेतील. घेऊ देत.

'अंधुकसं' लिहू नकोस. तारीख लिही : ११ मार्च १९९७.

छोटीला गोड पापा. तिचा यात काही दोष नाही.

सर्व सांधे स्वतः तपासले. गळती नव्हती.

झिनाइदा अर्काद्येव्ना तोरोपोवा