काठावरच्या चपला

४ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या पोरांनी परत पाण्याची बोंब मारली. टाकी भरलेली, यांच्याच नळाचा वायसर गेलेला. बदलून दिला. झालं आजचं काम. माण गावात आता सगळ्यांचं असंच. शेतं गेली, खोल्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही भाडेकरूंचे नळ दुरुस्त करतो.

दुपारी सुमनला म्हणालो, कोळवणला ताईकडं जाऊन येतो.

"परवा तर गेला व्हता."

म्हणालो, तिचे गुडघे दुखतात. ताईचे गुडघे ठणठणीत आहेत, देव तसेच ठेवो. गेलो मुळशीच्या पाण्यावर.

होडी म्हणजे फुगवायची रबरी होडी. एक भाडेकरू पोरगा गाव सोडताना टाकून गेला. एक माणूस मावतो, एक वल्हं. बायकोला सांगितलं तर म्हणेल, वय काय, पोट केवढं. म्हणून गाडीच्या डिकीत, पोत्याखाली.

पाण्यावर बसलं की दत्ता आठवत नाही. म्हणजे आठवतो, पण गळ्याशी येत नाही. धाकटा भाऊ. दिवाळीत जेवता जेवता छातीत कळ आली आणि गेला. तेव्हापासून घरात सगळे बोलतात आणि मला कुणाचंच नीट ऐकू येत नाही.

८ एप्रिल

उद्या समोरच्या काठापर्यंत जायचं. धाकधूक आहे. मागच्या खेपेला दुपारचा वारा सुटला तर होडी जागच्या जागी गरगरायला लागली. तरी जायचंच. मोबाईल तेव्हा भिजला होता, तांदळाच्या डब्यात ठेवून वाचवला. आता गाडीतच ठेवणार. चेन, अंगठी पण.

११ एप्रिल

बोटं अजून नीट वळत नाहीत. जमेल तेवढं.

परवा गेलो. जाताना मजेत. परतताना वारा आणि धूर. डोंगराला वणवा लागलेला, धुरानं सूर्यसुद्धा दिसेना. पाण्याचे फाटे आत आत शिरलेले, सगळे एकसारखे. एका फाट्यात शिरलो, तो भलताच निघाला. मागं फिरलो, दुसऱ्यात शिरलो. मग आपण कुठून आलो तेच कळेना. छाती धडधडायला लागली. दत्ताची आठवण तेव्हा मात्र आली, भलत्या वेळी.

अंधारलं तेव्हा काठाला जाळ दिसला. राब! भाताची रोपं टाकायची जागा पालापाचोळा घालून भाजतात, तो. आमच्याकडं भात होता तेव्हा दत्तानं आणि मी कितीदा भाजलाय. राब पेटवला की माणूस जागचा हलत नाही. घागर आणि ओल्या फांद्या घेऊन बसतो, जाळ पसरू नये म्हणून. म्हणजे तिथं माणूस असणारच. सरळ तिकडं वल्हं मारलं. हायसं वाटलं होतं. माणूस नव्हता. आता राब पेटवून लोक घरी जातात, मला काय ठाऊक! किती वर्षं झाली राब बघून.

पाणी उतरलेलं, कडेला नुसता गाळ. उतरलो तो मांडीपर्यंत. एक पाय काढायला गेलो तर दुसरा कमरेपर्यंत. होडी वाऱ्यानं निघून गेली.

ओरडलो. घसा बसला. रात्री केव्हातरी वरच्या घरातून पारूबाई नावाची बाई आली, मागून तिचा दीर. गाळावर शिडी आडवी टाकली, माझ्या काखेतून दोर घेतला. ओढता ओढता तिचं तोंड चालूच, "पाव्हणं, ह्या वयात कसली थेरं ही!"

घरी फोन लावा म्हणाली. नंबर पाठ एकच, दत्ताचा. तो लावून काय उपयोग.

सकाळी दिरानं जीपनं वळसा घालून माझ्या गाडीपाशी आणलं. काठावर ही गर्दी. मला वाटलं, कुणीतरी बुडालं. उतरून एकाला विचारलंसुद्धा, "कोण गेलं हो?"

सुमन वळली. पाण्याच्या कडेला माझ्या चपलांशेजारी बसली होती. उठली, आली, चारचौघांत कानाखाली वाजवली. मग माझा चिखलाचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

१२ एप्रिल

अक्षयनं, म्हणजे पोरानं, आज सांगितलं. एका गुराख्यानं चपला बघितल्या. काठाला, जोडीनं ठेवलेल्या. जवळ माणूस नाही. गाडी बंद, आत फोन वाजतोय. गाडीच्या नंबरावरून घर शोधलं, घरचे आले, काच फोडली. रुमालात चेन आणि अंगठी बांधलेली. ताईला फोन केला, ती म्हणाली, "हितं? दिवाळीपास्नं फिरकला न्हाई."

मग सगळ्यांनी काय समजायचं ते समजले. रात्रभर पाण्यात गळ टाकून मला शोधत होते.

आमच्याकडं काठावरच्या चपलांचा एकच अर्थ होतो. लहानपणी विहिरीवर मी स्वतः तशा बघितल्यात. पण मी चपला जोडीनंच ठेवतो, देवळात जाताना पण! हे कुणाला सांगू?

१४ एप्रिल

माणसांची रीघ. मामा म्हणाले, "पैशाला काय कमी हाय का तुला?" म्हणालो, मामा, वाट चुकलो होतो. मान डोलावली. आजारी माणसापुढं डोलावतात तशी.

कुणी विश्वास ठेवत नाही. जितकं सांगावं तितकं खोटं वाटतं. शेवटी मलाच माझा आवाज खोटा वाटायला लागला.

गच्चीला नवं कुलूप. गुलाबावर फवारायचं औषध गायब. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली, आता आंघोळ करताना गाणं म्हणावं लागतं, नाहीतर बाहेरून "अवो? अवो?" सुरू. अक्षय ऑफिसचं काम माझ्या खोलीत बसून करतो. मी कूस बदलली की त्याचं टाइप करणं थांबतं.

रागवायचं कुणावर? त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

१७ एप्रिल

अक्षय डॉक्टरकडं घेऊन गेला. मनाच्या. बाई तरुण, बोलायला चांगली. झोप लागते का? म्हणालो, बायको रात्रभर मनगट धरून झोपते, कुणाला लागेल? हसल्या. गोळ्या दिल्या.

मग म्हणाल्या, "गाळात असताना मनात काय येत होतं?"

म्हणालो, थंडी वाजत होती. बाकी काही नाही.

थंडी वाजत होती हे खरं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

२० एप्रिल

आज सुमननं विचारलंच. भांडी लावता लावता, पाठमोरी. "परत यायच्या बोलीनंच गेला व्हता न्हवं?"

म्हणालो, हो. तुझी शपथ.

"शपथ नगं. नुसतं सांगा."

हो म्हणालो परत. ती रडायला लागली. मी ओरडलो, एकतीस वर्षं संसार केला, एवढा विश्वास नाही? ती म्हणाली, "ताईकडं जातो म्हणत व्हता. कितीक महिनं." काय तोंड आहे मला?

जाताना परत यायचंच होतं. शंभर टक्के. नाहीतर मोबाईल भिजेल म्हणून कोण काळजी करतं? त्याबद्दल मी कुणापुढंही उभा राहीन. पण गाळात मधेच

नको. उद्या.

२४ एप्रिल

उद्याउद्या करत चार दिवस. लिहवत नव्हतं.

आज सुमनला घेऊन पारूबाईकडं गेलो. पेढे, साडी. साडी तिनं हातात घेऊन परत पिशवीत घातली, म्हणाली, "ह्ये कशाला?" मग घेतली. चहा झाला. सुमननं तिचे हात धरले, म्हणाली, "तुमी व्हता म्हणून माझं कुंकू ऱ्हायलं. ह्येंचं वरडणं ऐकू तरी कसं आलं तुमाला?"

पारूबाई म्हणाली, "सांजच्याला थोडं कायतरी ऐकलं, वाटलं पल्याडची पोरं हायेत. मग बराच वेळ न्हाईच काय. आमी झोपलो. मग ह्ये पाव्हणं एकदम वरडायला लागले, आग, आग, गंजी पेटंल, उठा! मी पळत आले तर बांधाचं गवात पेटलेलं, जाळ गंजीच्या अंगाला आलेला. वरसाचा पेंढा व्हता गुरांचा. जाळ इझवला, मग बघितलं ह्यो माणूस गाळात. तितनंबी आगच आग. स्वतःचं काय नावच न्हाई!"

ती हसत होती. सुमन हसत नव्हती.

मी सगळ्यांना सांगितलं होतं, वाचवा वाचवा म्हणून ओरडत होतो. सुरुवातीला ओरडलो पण होतो. मग थांबलो. घसा बसला हे खरं, पण त्यामुळं नाही. गाळ आतून कोमट होता. वाटलं, राहू दे आता. कुणाला हाका मारायच्या? भीती पण गेली होती, आणि याचीच आता रात्री उठून भीती वाटते.

मग वारा फिरला आणि राब पसरायला लागला. वर पेंढ्याची गंजी दिसत होती. कुणाच्या तरी गुरांचा चारा डोळ्यांदेखत जाणार. तोंडातून आवाज आपोआप निघाला.

परतताना पौड येईपर्यंत सुमन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आग लागली नसती तर?"

समोर ट्रक होता. मी तो ओलांडण्यात लक्ष आहे असं दाखवलं.

२५ एप्रिल

रात्री दोघंही जागे. दोघांनाही माहीत, दुसरा जागा आहे.

सकाळी अक्षय दूध आणायला गेला. सुमननं चहा ठेवला आणि गेली नाही, समोर बसली. म्हणाली, "रागावणार न्हाई. कुणाला सांगणार न्हाई. पण मला खोटं नगं."

म्हणालो, थांब जरा. वही काढली. म्हणाली, "लिवा आदी. मी हाय हितंच."

बसलीय. माझ्याकडं बघत नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. अक्षर बघा कसं येतंय.

आग नसती तर ओरडलो असतो का, मला माहीत नाही. हेच सांगायचंय तिला. हो पण नाही, नाही पण नाही. माहीत नाही.

अक्षय यायच्या आत सांगायला हवं. वही मिटतो.