यशोधरेचं माहेरचं नाव

नागापूर, अहमदनगर
२२ नोव्हेंबर १९९९

चि. सम्राट भाऊजींस वहिनीचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. आम्हा दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत. ज्वारी यंदा बरी आहे म्हणतात. तिकडे थंडी पडली असेल, स्वेटर घालत जा. फोन महाग म्हणून पत्र लिहितेय असं नाही, फोनवर मला हे बोलवलं नसतं.

आधी काम सांगते. इंटरनेटवर तुम्ही आपल्या घराण्याचं जे पान केलंय, ते आत्ताच्या आत्ता पुसा. जेवत असाल तर ताटावरून उठा.

कारण लिहायचं नव्हतं. हे म्हणाले, "पोरगं परक्या मुलखात एकटं आहे, त्याला कशाला?" म्हणून यांनी फोनवर सांगितलं, योगेश भाऊजी कंपनीत मशीनवर अपघातात गेले. मशीन नव्हतं भाऊजी. कोयते होते.

योगेश भाऊजींनी भारतीला पळवून आणली, तेव्हा लग्नात आपण तिचं नाव यशोधरा ठेवलं. सगळ्याच सुनांचं बदलतात, माझंही बदललं. पण तिला त्या नावानेच जगवलं. तिच्या भावांनी गावात तिचा दहावा घातला, तरी शोध सोडला नव्हता. भारती सापडत नव्हती, कारण भारती नावाचं कुणी इथे नव्हतंच. आणि तुम्ही हौसेने, आठवून आठवून लिहिलंत: यशोधरा, माहेरचं नाव भारती, माहेरचं गाव, नवरा योगेश, कंपनी, नागापूर. तिचा चुलतभाऊ पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. त्याने भारतीचं नाव टाकलं आणि पान उघडलं.

पंधरवड्यापूर्वी रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला निघालो होतो. तिचे भाऊ, थोरला गोरक्षनाथ आणि धाकटा कानिफनाथ, जीपमधून उतरले.

"भारते, भाईर ये!"

"इथे भारती कुणी नाही," मी दार अडवून म्हणाले.

गोरक्षनाथने माझ्या नाकासमोर कागद नाचवला. "वाच की, शिकलेली हायस न्हवं? तुमच्याच मानसानं अमेरिकेतनं पत्ता धाडलाय. मंग आमी न्हाई यायचं व्हय?"

योगेश भाऊजी पुढे झाले. "पाव्हणं, बसा, बोलू," म्हणत हात पुढे केला. पहिला घाव त्याच हातावर बसला. दुसरा मानेवर. वंदनेसाठी पांढरा सदरा घातला होता, मीच कडक इस्त्री केलेला. मी तो ओळखू शकले नाही.

शेजारच्या मुबारकबीने यशोधरेला मागच्या दाराने ओढून नेलं, स्वतःचा बुरखा चढवला आणि रिक्षात घातलं. कानिफनाथला ते दिसलं. तो तिकडे धावला, तेव्हा मी पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो पडला. पडल्यावर त्याने हात जोडले, "बाई, नगं," म्हणाला. मी आणखी मारलं. तो दवाखान्यात वारला. पोलिसांना मी एकदाच मारल्याचं सांगितलंय, यांनाही. तुम्हाला खरं लिहिते.

विहारात पहिलं शील येतं, जीवहत्या न करण्याचं, तिथे माझे ओठ हलत नाहीत. पश्चात्ताप होत असता तर हलले असते.

गोरक्षनाथ अजून फरार आहे. तुमच्या पानावर आत्यांची, मावश्यांची, सगळ्यांची गावं आहेत. यशोधरेला लपवायला आपल्या नात्यातलं एकही घर उरलं नाही, भाऊजी. परक्यांनी ठेवून घेतलीय. कुठे, ते लिहीत नाही.

तुमची काही चूक नाही, असं लिहायला बसले होते. तेवढं खोटं हातून उतरत नाही. तुम्हाला मी माझ्या हाताने भरवून वाढवलंय, राग टिकणार नाही. पण आज आहे.

यशोधरेला सातवा चालू आहे. बाळाचं नाव काय ठेवणार, कळवा, पानावर घालतो, असं तुम्ही लिहिलंय. मूल योगेश भाऊजींचं आहे, तुमचं रक्त आहे, मला कळतं. झालं की मुलगा की मुलगी तेही कळवणार नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, एवढंच लिहीन. नाव विचारू नका.

आधी यशोधरेची जाऊ, मग तुमची वहिनी,
विमल